कंटेनर अडकला, की अडकलाय?

पत्र थोडक्यात (नाव, गाव आणि कंपनी ओळखू येईल असे तपशील काढून):

वय 38. शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत, पुढे बी.कॉम. परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशनचं काम. इंग्लंडमधल्या ग्राहकांना रोज वीसेक मेल. मध्यंतरी एक कंटेनर बंदरात तपासणीसाठी अडकला. ताईंनी ग्राहकाला लिहिलं, ‘द कंटेनर वॉज हेल्ड ॲट द पोर्ट फॉर फोर डेज.’ उलट उत्तर आलं: बरं झालं सुटला, आता कुठल्या बोटीवर चढतोय? कंटेनर तर तिथेच होता. साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, ‘एवढंही इंग्रजी येत नाही?’ तेव्हापासून ताई चुकायला नको म्हणून दिसेल तिथे ‘हॅव’ घालतात. परवा लिहिलं, ‘आय हॅव सेंट द डॉक्युमेंट्स यस्टर्डे.’ नववीतली लेक शेजारीच बसली होती. ती हसली आणि म्हणाली, ‘आई, हॅव आणि यस्टर्डे एकत्र नसतं गं.’ अमेरिकन कंपनीत काम करणारी मैत्रीण सांगते, हॅव सोडूनच दे, अमेरिकन लोक वापरत नाहीत, सरळ साधा भूतकाळ ठोक. एका क्लासने अठरा हजार सांगितलेत. ‘हॅव ठेवू की काढू? आणि या वयात हे जमणार का?’ सोबत शेवटचे दहा मेल आणि अप्रेझल फॉर्मचा कच्चा मजकूर.

ताई,

दहाही मेल वाचले. अप्रेझलचाही मजकूर वाचला, त्याबद्दल शेवटी बोलू, पण तो माझं उत्तर वाचून होईपर्यंत कुठे पाठवू नका.

आधी एक कबुली देतो. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि तुमच्या डोक्यात जो तक्ता बसलाय तो माझ्यासारख्यांनीच बसवलाय. ‘केले’ म्हणजे व्ही टू, साधा भूतकाळ. ‘केले आहे’ म्हणजे हॅव आणि व्ही थ्री. ‘केले होते’ म्हणजे हॅड आणि व्ही थ्री. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या की तास संपला, भाषांतराचे गुण पोरांच्या खिशात. परीक्षेत हा तक्ता कधी फसत नाही, कारण परीक्षेतली वाक्यं त्या तक्त्यातूनच काढलेली असतात. ग्राहकाला मेल लिहायला बसलं की तो दगा देतो, आणि गंमत म्हणजे ज्यांनी तो मन लावून पाठ केला त्यांनाच जास्त देतो.

‘मी काल कागद पाठवलेत.’ मराठी कानाला यात काही खटकत नाही. ‘बाबांनी 2009 साली घर बांधलंय’, ‘मामा परवाच आलाय’, हेही आपण बिनदिक्कत म्हणतो. त्यातलं ‘आहे’ समोरच्याला एवढंच सांगतं की काम झालेलं आहे, आता मागे लागू नका. ‘काल’ हे जाता जाता सांगितलेलं. इंग्रजीला हे चालत नाही. हॅव म्हटलं की बोलणारा आजच्या ओट्यावर बसून मागे पाहतोय, आणि घटना कुठल्या दिवशी घडली ते सांगत नाहीये. ‘यस्टर्डे’ म्हटलं की तो ओटा सोडून कालच्या दिवसात उतरला. तिथे गेल्यावर ‘सेंट’ म्हणायचं, ‘हॅव सेंट’ नाही. ‘लास्ट वीक’, ‘ऑन मंडे’, ‘इन 2019’, ‘टू अवर्स अगो’ या सगळ्यांना हाच न्याय. ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नालाही हाच. आपण ‘कधी पाठवलंयत?’ विचारतो, तिकडे ‘व्हेन हॅव यू सेंट’ होत नाही, ‘व्हेन डिड यू सेंड’ होतं.

यात मराठीचं काही चुकत नाही, हे तुम्ही मनाशी पक्कं धरा. जर्मन माणूसही रोजच्या बोलण्यात ‘मी त्याला काल पाहिलंय’ अशाच घडणीचं वाक्य वापरतो, आणि इंग्रजी बोलताना तोही नेमकं तुमच्यासारखंच ‘हॅव... यस्टर्डे’ म्हणून बसतो. फ्रेंच माणसाची तीच तऱ्हा. या बाबतीत हट्टी आहे ती इंग्रजी.

तर लेकीचं बरोबर आहे. पण ती ज्याला हसली त्या चुकीने तुमचं नुकसान किती झालं? ‘आय हॅव सेंट द डॉक्युमेंट्स यस्टर्डे’ वाचून ग्राहकाला काय कळलं? कागद गेले, काल गेले. अगदी बरोबर कळलं. हे वाक्य भारतभर इतकं चालतं की भारतीय इंग्रजीची एक खूण म्हणून त्याची नोंद होते. ते सुधारायला हवं, इंग्लंडच्या माणसाला ते खटकतं. पण त्यापायी झोप घालवण्याची गरज नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं दिसलं की तुम्ही घाबरताय भलत्याच चुकीला. लेक हसली ती चूक चारचौघांत लाजवते, एवढंच. साहेब ओरडले ती चूक अर्थ उलटा करते. दोन्ही ‘टेन्सच्या चुका’ म्हणून एकाच पोत्यात भरल्या, आणि एकीवरचा उपाय तुम्ही दुसरीवर करत सुटलात.

कंटेनरचं वाक्य आता जवळून पाहू. ‘वॉज हेल्ड फॉर फोर डेज.’ इंग्रज वाचकासाठी हे चार दिवस संपले. कुंपण घातलेला तुकडा आहे तो, सुरुवात आहे, शेवट आहे. अडकला होता, सुटला. त्याने बोटीचं नाव विचारलं यात त्याचा काही दोष नाही. ‘हॅज बीन हेल्ड फॉर फोर डेज’ म्हटलं असतंत तर त्याच चार दिवसांचं फाटक उघडं राहिलं असतं: चार दिवस झाले, अजून तिथेच आहे. एका ‘वॉज’ने माल कागदोपत्री सोडवून टाकला.

आणि हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला मुळीच वाटत नाही. समजा त्या दिवशी साहेबांना फोन करून मराठीत सांगायचं असतं, तर काय म्हणाला असतात? ‘साहेब, चार दिवस झाले, कंटेनर अडकून पडलाय.’ ‘चार दिवस अडकला’ असं तुमच्या तोंडून चुकूनही आलं नसतं, कारण तसं म्हटलं तर पुढे ‘आणि मग सुटला’ यायला हवं. फरक तुमच्या कानात जन्मापासून आहे. मराठीतलं ‘आहे’ कालच्या कागदांच्या बाबतीत तुम्हाला फसवतं, आणि या कंटेनरच्या बाबतीत तेच तुमचा हात धरून बरोबर वाटेला नेतं. आम्ही शाळेत हे कधी सांगितलं नाही.

म्हणून वाक्य लिहिताना दोन प्रश्न, याच क्रमाने. वाक्यात घटनेची वेळ ठोकली आहे का? काल, सोमवारी, तासापूर्वी, अमुक साली? असेल तर मराठीत कितीही ‘आहे’ असो, डोळे मिटून व्ही टू. वेळ ठोकलेली नसेल तर पुढचा प्रश्न: हे अजून चालू आहे का? चालू असेल तर हॅव किंवा हॅज लागणारच, तिथे साधा भूतकाळ घातला तर कंटेनर सुटतो. आणि वेळही नाही, चालूही नाही, नुसतं झालंय म्हणून कळवायचंय, जसं ‘बिल पाठवलंय’, तर ‘आय हॅव सेंट द इनव्हॉइस’ लिहा. तिथे मराठीतलं ‘आहे’ जसंच्या तसं चालतं, आणि चुकलं तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या प्रश्नापाशी ‘पासून’ या शब्दाची मेख आहे. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘चार दिवसांपासून’ही म्हणतो. इंग्रजी इथे दोन दुकानं थाटते. सुरुवात कुठून ते सांगायचं तर ‘सिन्स मंडे’, मुदत किती ते सांगायचं तर ‘फॉर फोर डेज’. ‘सिन्स फोर डेज’ तुमच्या दहांपैकी तीन मेलमध्ये आहे. तुम्ही ‘द पेमेंट इज पेंडिंग सिन्स मंडे’ असंही लिहिलंय, तिथे ‘इज’ काढून ‘हॅज बीन’ घाला. अर्थ ग्राहकाला आत्ताही कळतोच, म्हणून यालाही मी लाजवणाऱ्या चुकांच्याच पोत्यात टाकतो.

आता तुमच्या मैत्रिणीचं. तिला दिसलं ते खोटं नाही, तिने काढलेला निष्कर्ष खोटा आहे. इंग्लंडमधला माणूस ‘हॅव यू ईटन यट?’ विचारेल तिथे अमेरिकन सहज ‘डिड यू ईट यट?’ विचारतो. ‘आय्व्ह जस्ट सेंट इट’च्या जागी ‘आय जस्ट सेंट इट’ म्हणतो. जस्ट, ऑलरेडी, यट, या तीन शब्दांच्या आसपास अमेरिकेत हॅव बऱ्याचदा गळतो. पण चार दिवस अडकून पडलेल्या कंटेनरसाठी अमेरिकन माणूसही ‘हॅज बीन’च म्हणणार. तिचा सल्ला मानून सगळीकडे साधा भूतकाळ ठोकलात तर पुढच्या महिन्यात आणखी एखादा कंटेनर मेलमधूनच सुटेल. आणि तुमचे ग्राहक तर इंग्लंडचे.

तिच्या सल्ल्यात एक कामाचा धागा मात्र आहे. हॅव टाळायचाच असेल तर त्याच्या जागी भूतकाळ नको, वर्तमानकाळ आणा. ‘द कंटेनर इज स्टिल ॲट द पोर्ट. इट अराइव्ड ऑन मंडे.’ आत्ता काय परिस्थिती आहे ते एका वाक्यात ‘इज’ने, केव्हा काय घडलं ते दुसऱ्या वाक्यात तारखेसह व्ही टूने. हॅव कुठेच नाही, आणि चुकायलाही जागा नाही. घाईच्या दिवशी, साहेब डोक्यावर उभे असताना, असंच लिहा. मालाच्या धंद्यातला ग्राहक तुमचं व्याकरण वाचत नाही, त्याला माल कुठे आहे ते हवं असतं. मी तर म्हणेन त्या ‘स्टिल’ची चिठ्ठी करून मॉनिटरला चिकटवा.

जाता जाता, तुमच्या मेलमध्ये एक तिसरा पाहुणा आहे, त्याच्याकडे ना लेकीचं लक्ष गेलं ना साहेबांचं. ‘आय हॅड सेंट यू द मेल लास्ट वीक.’ मराठीत जुन्या गोष्टीला आपण ‘होतं’ लावतो: मागच्या आठवड्यात मेल पाठवला होता, लहानपणी पंढरपूरला गेलो होतो. तक्त्याप्रमाणे ‘होता’ म्हणजे हॅड, म्हणून तुम्ही हॅड घातलात. इंग्रजी वाचक हॅड दिसला की पुढे दुसरी घटना शोधतो. पाठवला होता, आणि मग काय झालं? मग काही झालेलं नसतं, तो उगाच ताटकळतो. ‘लास्ट वीक’ आहे, वेळ ठोकलेली आहे, तेव्हा ‘आय सेंट’. भारतातल्या ऑफिसांत हे हॅड इतकं फिरतं की मला तर वाटतं निम्मं काम त्याच्या जोरावरच चालतं, कारण त्यात ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत’ हा टोमणा मराठीत ऐकू येतो. इंग्रजाला तो ऐकू येत नाही.

लेकीला एक कोडं घालायचं असेल तर हे घाला. ‘बाबा पुण्याला गेलेत’ आणि ‘बाबा पुण्याला जाऊन आलेत’, दोन्हीत हॅज आहे, मग इंग्रजीत फरक कसा करशील? पहिलं ‘हॅज गॉन टू पुणे’, बाबा घरात नाहीत. दुसरं ‘हॅज बीन टू पुणे’, बाबा सोफ्यावर बसून पेपर वाचताहेत. इतका बारीक फरक मराठी ‘जाऊन येणं’मधून किती सहज दाखवते. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची. आणि दुसरं कोडं: सकाळी अकरा वाजता ‘हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?’ बरोबर, मग तेच वाक्य दुपारी चारला का बिनसतं? आपलं ‘आज सकाळी’ दिवसभर तसंच राहतं. इंग्रजीत सकाळ संपली की फाटक बंद, ‘डिड यू सी हिम’ सुरू.

अठरा हजारांच्या क्लासबद्दल. बोलायची भीड मोडायची असेल तर जा, त्यासाठी चार माणसांसमोर तोंड उघडावं लागतं आणि ते घरी होत नाही. पण एवढ्या एका गोष्टीसाठी नको. तिथेही तोच तक्ता मिळेल, फक्त एसीमध्ये. तुमच्याकडे त्याहून चांगलं पुस्तक आहे, तुमचा सेंट फोल्डर. रोज संध्याकाळी निघण्याआधी त्यातला एक मेल उघडा आणि प्रत्येक वाक्य साहेबांना फोनवर मराठीत कसं सांगितलं असतंत ते पुटपुटा. पुटपुटलेलं आणि लिहिलेलं जुळतंय का बघा. महिनाभर एवढंच करा.

दुसरी सवय इंग्रजी बातम्यांची. बातमीचं पहिलं वाक्य बहुधा हॅज घेऊन येतं: अमुक मंत्र्यांनी राजीनामा दिलाय. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात वार किंवा वेळ आली की लगेच साधा भूतकाळ: त्यांनी तो मंगळवारी रात्री दिला. आधी वर्दी, मग तपशील. चंद्रावर उतरल्यावर नील आर्मस्ट्राँगने पृथ्वीला वर्दी दिली ती ‘द ईगल हॅज लँडेड’ अशी. ईगल हे त्यांच्या यानाचं नाव. उतरलंय, इथे आहे. आज आपण तेच सांगताना ‘ईगल लँडेड ऑन 20 जुलै 1969’ म्हणतो, हॅज गळतो. (आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून 21 तारीख लागली होती, पण ते वेगळं.) तुमचे मेल याच जातीचे आहेत: ‘द शिपमेंट हॅज लेफ्ट. इट लेफ्ट ऑन फ्रायडे नाइट.’ पहिलं वाक्य वर्दी, दुसरं तपशील. या दोन वाक्यांच्या साच्यात तुमचे निम्मे मेल बसतील.

फोनवरच्या बोलण्याची मात्र इतकी चिंता करू नका. इंग्रज स्वतः भरभर बोलताना ‘आय हॅव’चं ‘आय्व्ह’ करतो आणि तो ‘व्ह’ बऱ्याचदा आपल्याला ऐकूसुद्धा येत नाही. तुमचा राहिला तरी तिकडच्याला कळण्याची शक्यता कमीच. कागदावर मात्र तो दिसतो.

साहेबांना काही सांगावं का, असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रात ते दडलंय. सगळ्यांदेखत बोलले ते चुकलंच. पण तुमची सुधारणा तुम्ही त्यांना सिद्ध करून दाखवत बसू नका. त्यापेक्षा असं मागा: माल अडकला, सुटला, उशीर झाला, या नेहमीच्या चार-पाच प्रसंगांसाठी ऑफिसने ठरलेली वाक्यं करून सगळ्यांना द्यावीत. तुमच्या शेजारच्या टेबलावरही तीच ‘वॉज हेल्ड’ची चूक रोज होत असणार, फक्त तिथे अजून ग्राहकाने बोटीचं नाव विचारलेलं नाही. मागणी तुमच्याकडून आली तर ‘हिला येत नाही’ ऐवजी ‘हिने प्रश्न सोडवला’ असं होतं. साहेब नाही म्हणाले तर स्वतःपुरती करा, पाचच वाक्यं आहेत.

वयाचं विचारलंत. तुम्ही रोज वीस मेल इंग्रजीत लिहिता, ग्राहक त्यावर माल हलवतात, हे किती वर्षं चाललंय? जमणार का, हा प्रश्न उशिरा विचारताय.

आता तो अप्रेझल फॉर्म. पहिलंच वाक्य तुम्ही लिहिलंय: ‘आय वर्क्ड इन धिस कंपनी फॉर इलेव्हन इयर्स.’ ताई, हे वाचून एचआर तुमच्या निरोप समारंभाची तारीख विचारेल. ‘हॅव वर्क्ड’ करा. फॉर्म सोमवारी द्यायचा आहे ना?